मागे ठेवलेला हात

विलासदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोलकात्यात, न्यू टाउनच्या घरात दुसऱ्यांदा चहा टाकत होते. पहिला गार झाला म्हणून ओतून दिला होता. आता महिना होत आला, तरी मला एका जागी बसवत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले तेच आठवत नाही... दादाही आयुष्यात कधी स्वस्थ बसला नाही, पण आपण कशाला उठलो हे त्याला पक्कं ठाऊक असायचं.

माझा हा थोरला भाऊ कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचा. तिथून कोलकात्याच्या एका मोठ्या क्लबाने त्याला उचललं आणि ऐन उमेदीची सगळी वर्षं तो इथे स्टॉपर म्हणून, आपल्या गोलसमोर बचावाला उभा राहून खेळला. गोल करणाऱ्यांना लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं. गोल होऊ न देणाऱ्याला कोण नाचवतो? मला याचा भयंकर राग यायचा, त्याला मुळीच नाही. त्याची सगळी विद्या एवढीच, की नजर चेंडूवर आणि एक हात पाठीमागे. समोरच्यांचा फॉरवर्ड पाठीशी घुटमळत असतो, तो कुठे आहे हे बोटांनी चाचपत राहायचं. "मागं वळून बघितलं की संपलं. माणूस बोटांना कळाय पायजे," म्हणायचा.

आणि एका फायनलला तो वळला. मागच्याला हात लावतो म्हणून रेफरीने तंबी दिली, तसा त्याने हात काढून घेतला आणि क्षणभर मान फिरवली. तेवढ्यात चेंडू डोक्यावरून गेला, मागचा फॉरवर्ड बगलेतून निसटला... गोल. पुढच्या मोसमाला क्लबने त्याला ठेवलं नाही. त्यानंतर मात्र तो हात कायम मागेच राहिला. डमडमचा बाजार असो, पूजेची गर्दी असो की मेट्रोचा जिना, दादा पुढे, हात मागे आणि त्या हाताला शर्मिलावहिनी. वहिनी बंगाली. मराठी शिकली ती आमच्या आईकडून, त्यामुळे अस्सल कोल्हापुरी. "तुझा भाऊ माझ्याकडं बघत न्हाई गं, नुसता चाचपतोय," अशी माझ्याकडे तक्रार करायची आणि बोटं मात्र सोडायची नाही.

शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. बोलणं जवळजवळ थांबलेलं, पण हात पाठीमागे चादरीवर सारखा फिरायचा. त्याच हाताला सलाइन. नळी दोनदा निघाली तेव्हा नर्स वैतागून म्हणाली, "हात बांधना पडेगा, दीदी." दादाचा हात बांधणार? वहिनी आंघोळीला घरी गेलेली. मी स्टूल ओढून त्याच्या पाठीशी बसले आणि माझा हात त्याच्या हातात दिला. त्याने बोटं चाचपली, सोडून दिली.

"तू न्हवं," म्हणाला.

इतकं लागलं मला ते... सख्खी बहीण मी! नर्स पट्टी घेऊन आली, मी तिच्याशी हुज्जत घालत दारात उभी राहिले. तेवढ्यात ओल्या केसांनीच वहिनी आली. काही न विचारता स्टुलावर बसली, दोन बोटं पुढे केली. "मागं हाय मी." हात थांबला. नर्स पट्टी घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तसाच गेला, तोंड भिंतीकडे, बोटं तिच्याकडे. "शेवटपर्यंत वळला न्हाई बघ," मी हॉस्पिटलात पोचल्यावर वहिनी मला म्हणाली, आणि मग मोठ्याने रडली.

परवा रविवारी तिला बळेच घराबाहेर काढलं, डमडमच्या मासळीबाजारात घेऊन गेले. सवयीने ती माझ्या अर्धं पाऊल मागे. गर्दी ही अशी. ती येते आहे ना, पडली तर नाही ना, म्हणून मी दर दोन पावलांना मान वळवून बघत होते. शेवटी ती खेकसलीच.

"सारखं वळून काय बघतीस? पुढं बघ की. हात दे मागं."

मी हात मागे केला. आधी नुसतीच हवा लागली... कुणाची तरी पिशवी घासून गेली. मग तिची बोटं लागली, आणि मी वळून बघितलं नाही.