सीडीच्या कव्हरवर चार ठिकाणी नाव

"बेटा, हे लोक म्हणून राहिले का ही सीडी तुमची नाहीच."

गजभिये काकांचा फोन नागपूरहून होता. मंगळवार, सकाळचे अकरा. मागे दवाखान्याचा गलबला होता, कोणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. मी जबलपूरला, विजय नगरमधल्या आमच्या स्कॅन सेंटरच्या काउंटरवर चहा पीत बसलो होतो.

"असं कसं, काका? मीच तर तुमच्या हातात दिली. वर काकूंचं नाव आहे ना?"

"समोर हाय. मागंबी हाय. पण बाजूच्या पट्टीवर फुलवती पटेल लिहिलं हाय. कोण हाय ही फुलवती?"

मी कप खाली ठेवला. फुलवती पटेल ही शनिवारी काकूंच्या आधी आलेली पेशंट होती.

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. वाचणाऱ्याला कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमच्याकडे एमआरआय झाला की पेशंटला रिपोर्टचा कागद आणि एक सीडी मिळते. स्कॅनची सगळी चित्रं त्या सीडीत असतात. घरी आता कोणाकडे सीडी चालत नाही, पण दवाखान्यांमध्ये अजून चालते. पुढचा डॉक्टर ती आपल्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो. जबलपूरचे बरेच पेशंट मोठ्या आजाराला नागपूर गाठतात, म्हणून ही सीडी सिवनीच्या घाटातून बसने जाते. कधी डब्याच्या पिशवीत, कधी उशाखाली. पूर्वी आम्ही ती पातळ कागदी पाकिटात द्यायचो. तिच्यावर चरे पडायचे, चित्रं उघडायची नाहीत, आणि पेशंट परत यायचा.

म्हणून मी आमचे मॅनेजर तिवारीजी यांना प्लास्टिकच्या केस घ्यायला सुचवलं. ते म्हणाले, "और उसके अंदर का कव्हर कौन बनाएगा? प्रेस वाला तो सबमें एक ही छापेगा, नाम थोड़े डालेगा."

मी म्हणालो, "मैं बना दूँगा, वर्ड में."

माझं शिक्षण तुमसरला, नगरपरिषदेच्या शाळेत झालं. वडील मँगनीजच्या खाणीत होते. घरातला पहिला बी.कॉम. मी. पदवीनंतर मामाने जबलपूरला आणलं आणि या सेंटरमध्ये लावून दिलं. डिझाइनचं कुठलंही सॉफ्टवेअर मला येत नाही. पण वर्ड मी मन लावून शिकलो आहे, आणि त्यात टेबल काढता येतं.

सीडीच्या केसला दोन कागद लागतात. पुढचा बारा सेंटिमीटरचा चौकोन. मागचा पंधरा सेंटिमीटर रुंद, आणि त्याच्या दोन्ही कडांना साडेसहा मिलिमीटरची एकेक पट्टी. ती पट्टी दुमडून उभी करायची. केस कपाटात उभी ठेवली की पुस्तकाच्या पाठीसारखं त्या पट्टीवरचं नाव दिसतं. वर्डमध्ये मी तीन खान्यांचं टेबल केलं, मधला खाना मोठा आणि दोन बाजूंना दोन अरुंद. अरुंद खान्यातली अक्षरं टेक्स्ट डायरेक्शन बदलून उभी केली.

पहिल्या दिवशी कागद केसमध्ये खुळखुळला. प्रिंटरने पान आपोआप लहान करून छापलं होतं. तिवारीजींनी केस कानाजवळ नेऊन वाजवली. "क्या बात है, झुनझुना बना दिया!" मी ती सेटिंग बंद केली. मग कागद अगदी बरोबर बसला. नावं मी नागरी लिपीत ठेवली, म्हणजे खेड्यातल्या माणसाला आपली सीडी ओळखता यावी. तिवारीजींनी केस उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "अब लग रहा है बड़े शहर वाला सेंटर." तेवढ्यासाठी मी आठवडाभर खूश होतो.

प्रत्येक पेशंटसाठी मी आदल्या पेशंटची फाइल उघडायचो, सेव्ह अ‍ॅज करायचो आणि नाव बदलायचो. चार ठिकाणी बदलायचं: पुढे, मागे, डावी पट्टी, उजवी पट्टी.

शनिवारी गजभिये काका आणि सुलोचना काकू आले. काका फॅक्टरीतून रिटायर झालेले, राहायला महाराजपूरला. काकूंना महिन्याभरापासून डोकेदुखी होती, एका हातातून वस्तू गळून पडत होत्या. स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसली. नागपूरच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ मिळाली होती. ते डॉक्टर बाहेरच्या नव्या पेशंटना फक्त मंगळवारी बघतात, दुपारी दोनपर्यंत.

माझं आडनाव ऐकून काकू मराठीत आल्या. "तू कोण्या गावचा, बाबू?"

"तुमसरचा."

"अगो माय! माह्या मावशीचं घर तुमसरले हाय."

दिवसभर काउंटरवर मी हिंदी बोलतो. घरी फोनवर आईशी बोलतो तेवढीच मराठी. सीडी तयार व्हायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ दोघं माझ्या टेबलाजवळच बसले. काकू बोलत होत्या, मी टाइप करत होतो. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात आपण वाचायला कसं शिकलो ते त्या सांगत होत्या. दर रविवारी विहारात माइकवर वंदना त्या स्वतः म्हणायच्या.

"पुस्तकावर बोट ठेवून म्हणते," काका म्हणाले. "पाठ हाय तरी बोट ठेवते."

"ठेवीन नाही तर काय! शिकली हाओ मी."

मी प्रिंट काढला, कापला, दुमडला, केसमध्ये बसवला. काकूंनी केस दोन्ही हातांनी धरली आणि पुढचं नाव अक्षर लावून वाचलं. सुलोचना गजभिये.

"माह्यं नाव असं छापून कधीच नोतं आलं. लग्नाच्या पत्रिकेतबी नाही."

"पत्रिका छापली कुठं होती आपण!" काका म्हणाले.

त्या हसल्या. मीही हसलो. केस पिशवीत गेली.

पट्टीवरची अक्षरं बारीक असतात, म्हणून काम करताना मी पान मोठं करून बघतो. तसं केलं की उजवी पट्टी स्क्रीनच्या बाहेर जाते. तिच्यासाठी बाजूला सरकवावं लागतं. त्या दिवशी मी सरकवलं नाही. मी तुमसरच्या मावशीचं घर कोणत्या चौकात आहे ते विचारत होतो.

आता पुन्हा मंगळवार, अकरा वाजता. मी काकांना म्हणालो, "तिथल्या माणसाला फोन द्या."

तो माणूस सभ्य होता. "बघा, कव्हरवर दोन बायांची नावं आहेत. आत उघडून पाहिलं तर फक्त 'सुलोचना बाई' आहे. आडनाव नाही. मेंदूचं प्रकरण आहे, मी कोणाची सीडी कोणाच्या नावावर घेऊ? तुमच्या सेंटरचं सहीचं पत्र मेल करा, लगेच घेतो."

त्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. मशीनवर नाव टाकणाऱ्या टेक्निशियनने आडनाव टाकलं नव्हतं. ते कधीच टाकत नाहीत, कारण कव्हरवर मी पूर्ण नाव टाकतो.

मी आधी फुलवती पटेल यांच्या घरी फोन लावून त्यांच्या सीडीच्या केसवरची नावं वाचून घेतली. तिच्यावर चारही ठिकाणी त्यांचंच नाव होतं. मग पत्र टाइप केलं. सही आमच्या रेडिओलॉजिस्ट साहेबांचीच चालणार होती, आणि मंगळवारी ते दुपारपर्यंत दुसऱ्या सेंटरवर असतात. फोन उचलत नव्हते. स्कॅन वाचत असले की ते फोन बाहेर ठेवतात.

तिवारीजींनी पत्र पाहिलं. "इतना क्यों लिखा है? क्लेरिकल मिस्टेक लिखो, बस. प्रिंटर पे डाल दो."

"सर, प्रिंटर ने नहीं किया. मैंने किया."

त्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं. "अच्छा, जाओ जल्दी."

मी स्कूटरवर गेलो. साहेब बाहेर यायला दीड तास लागला. त्यांनी पत्र उभ्याउभ्या वाचलं, सही केली आणि एवढंच विचारलं, "पेशंट कहाँ है अभी?" मी त्यांच्याच टेबलावरून मेल केला तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. नागपूरला फोन लावला. काउंटरवर कोणी उचलला नाही. काकांना लावला.

"डॉक्टर आत्ताच उठले, बेटा. ऑपरेशनले गेले. पुढच्या मंगळवारी या म्हणते. आता आम्ही भाचीकडं जातो, इथंच थांबतो."

"काका, माझ्यामुळे..."

"चाल, होते असं. तू जेवला का?"

मी जेवलो नव्हतो. जेवलो म्हणून सांगितलं.

रविवारी काकूंना झटके आले. त्याच दवाखान्यात भरती केलं. आता सीडी आणि पत्र दोन्ही घेतली गेली, सगळ्यांनी पाहिलं. पण त्या शुद्धीवर आल्या नाहीत. गुरुवारी मी फोन केला तेव्हा काकांच्या भाचीने उचलला. काकू गेल्या, असं तिने सांगितलं.

मी सेंटरमध्ये सुट्टी मागितली नाही. कारण काय सांगणार? त्या आठवड्यात मी प्रत्येक कव्हर तीन-तीनदा तपासलं. तिवारीजी एकदा म्हणाले, "कितना देखोगे?" महाराजपूरला जायला तीनदा निघालो. तिन्ही वेळा वाटेतल्या अधारतालहून परत फिरलो.

महिन्याभराने काका स्वतःच आले. पांढरा शर्ट, हातात तीच पिशवी. मी उभा राहिलो. बोलायला शब्द जुळवत होतो, तोवर ते समोरच्या खुर्चीत बसलेसुद्धा.

"एक काम होतं तुह्याकडं," ते म्हणाले. "रविवारी विहारात तिच्या आठवणीचं पुण्यानुमोदन हाय. नातीनं मोबाइलमध्ये तिची वंदना भरून ठेवली होती. विहारातल्या मशीनले सीडीच लागते. सीडी तर नातीनं करून आणली. कव्हर तू करून देजो."

त्यांनी केस टेबलावर ठेवली. तीच केस होती. आतली सीडी बदलली होती, माझे कागद तसेच होते. उजव्या पट्टीवर फुलवती पटेल.

"काका, दुसऱ्या कोणाकडून..." मी म्हणालो. "मी कसं करू?"

"काहून? तुले येते ना?"

"तो मंगळवार गेला माझ्यामुळे."

"मी विचारलं डॉक्टरले. तो म्हणे, त्या मंगळवारीच पाहिलं असतं तं फरक पडला असता का, सांगता येत नाही. पडला असता म्हणे ना नाही म्हणे." मग म्हणाले, "तुले एक सांगू? तिनं वाचलं होतं ते नाव."

"कधी?"

"बसमधीच. सिवनीच्या अल्याड. मांडीवर घेऊन बसली होती, चारी बाजूनं वाचून राहिली होती. मले म्हणे, हे फुलवती कोण जी? मी म्हटलं, फोन लावून विचारू का पोराले? तर म्हणे, नको. असन डॉक्टरीणबाईचं नाव. पोरगा शिकेल हाय, तो कायले चुकन? आपणच काहीबाही विचारू तं त्याले वाईट वाटन."

ते स्कॅनच्या दुसऱ्या दिवसाचं, रविवारच्या बसचं सांगत होते. फोन आला असता तर सोमवारी सकाळीच साहेबांची सही घेऊन पत्र गेलं असतं.

माझी आईसुद्धा विचारणार नाही. बँकेत, दवाखान्यात, कोणीही शिकलेल्या माणसाने कागद दिला की ती दोन्ही हातांनी घेते आणि घडी न मोडता पिशवीत ठेवते. मला शिकवताना तिला वाटत होतं, एवढं शिकला म्हणजे चुकणार नाही. मलाही थोडं तसंच वाटत होतं.

मी नवीन फाइल उघडली. जुनी उघडली नाही. रिकाम्या पानावर टेबल पहिल्यापासून काढलं. पुढे काकूंचं नाव, खाली 'वंदना'. मागे नाव. डावी पट्टी, उजवी पट्टी. प्रिंट काढून पट्ट्या दुमडल्या, केस बंद केली आणि काकांच्या हातात दिली.

"चष्मा नाही आणला," ते म्हणाले. "तूच वाच."

मी पुढची बाजू वाचली. सुलोचना गजभिये. मागची वाचली. डावी पट्टी वाचली. उजवी पट्टी वाचली.

"अजून एकदा वाच ते," काका म्हणाले.

मी वाचलं. त्यांनी केस पिशवीत ठेवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेले. रविवारी मी विहारात मागच्या रांगेत बसलो होतो. सीडी लागली, काकूंचा आवाज आला. एका जागी त्या थोड्या थांबतात. तिथे त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं असणार.

आता आमच्याकडे कव्हरची फाइल बदलली आहे. नाव एकाच जागी टाइप करायचं, उरलेल्या तीन जागा तिथूनच नाव उचलतात. वर्डमध्ये ती सोय आधीपासून होती, मी शोधली नव्हती. मशीनवर टेक्निशियन आडनावही टाकतात. आणि केस देताना मी ती बंद करून पेशंटच्या माणसाकडे देतो आणि म्हणतो, "चारों तरफ़ पढ़िए. कुछ भी अलग दिखे तो मेरी गलती है, अभी बोलिए."

बहुतेक लोक न वाचताच म्हणतात, "आपने बनाया है तो ठीक ही होगा." मग मी केस सोडत नाही. ते वाचेपर्यंत धरून ठेवतो. तिवारीजी म्हणतात, यात वेळ जातो. जातो.