आमच्या घरची कावीळ

भूमच्या हायस्कुलात मी ड्रिल मास्तर होतो तेव्हा पोरं मला पाठीमागं 'हळद्या मास्तर' म्हणायची. माझे डोळे कायम पिवळट. हे नाव कुणी ठेवलं ते मी शोधून काढलं आणि त्या बहाद्दराला भर मैदानात शंभर बैठका काढायला लावल्या. नव्वदीला पोचल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "सर, नाव म्या ठेवलं, पण रंग तुमचाच हाय." उरलेल्या दहा मी माफ केल्या.

तेव्हा मला दम खायला फुरसत नव्हती. पहाटे तालमीत पोरांकडून जोर काढून घ्यायचे, तिथनं तसंच शाळेत, दिवसभर एकेका वर्गाची ड्रिल, संध्याकाळी हुतूतू, आणि सव्वीस जानेवारी जवळ आली की वर लेझीम. हैदराबाद संस्थान जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं ड्रिलला कवायतच म्हणत आणि मला कवायतवाला. कुणाला पडसं झालं, कुणाला झोप येईना, कुणाचं पोरगं नापास झालं, सगळ्यांवर माझ्याकडं एकच औषध होतं, बैठका. बायकोलाही मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "दळण, पाणी, धुणं झालं की सांगते किती काढायच्या ते." ती काडीसारखी बारीक होती आणि मी तिला त्यावरून फार चिडवायचो.

दुसरं औषध आमच्या आबांकडं होतं. आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव सोनारीजवळ, आणि दर रविवारी आमच्या अंगणात काविळीचे रोगी येऊन बसत. सोनारीच्या भैरवनाथाला आलेली माणसंही वाट वाकडी करून येत. आबा आधी प्रत्येकाची खालची पापणी ओढून डोळा बघायचे, मग हाताला कसल्याशा सालीचा लगदा चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी पिवळं धम्मक व्हायचं. लोक त्या पाण्याकडं बघून हात जोडायचे. आबा कुणाकडनं नारळसुद्धा घेत नसत.

आबांचं म्हणणं असं, की कावीळ मरत नाही. एकाची उतरली की ती दुसऱ्या कुणीतरी घ्यावी लागते, आणि ती मी घेतो. पुरावा मागायची गरजच नव्हती, आबांचे डोळे माझ्याहून पिवळे होते. माझे डोळे का पिवळे, तर मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पाणी ओतायचो, म्हणून माझ्यावर शिंतोडे उडाले. गावाला हे पटलं होतं. मलाही पटलं होतं. खरं सांगायचं तर एकदा मी गंमत म्हणून शेजारच्या धडधाकट पोराचे हात त्याच लगद्यानं धुतले होते आणि पाणी तितकंच पिवळं झालं होतं. पण बापाचा गावात एवढा मान असताना असल्या गोष्टी कोण बोलतं? मी पाणी उकिरड्यावर ओतून गप बसलो.

आता पोरीचं सांगतो. माझी पोरगी सात वर्षांची होती आणि ड्रिल मास्तरची पोर असून मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसायची. जरा पळाली की दम लागायचा, तोंड पांढरं पडायचं. मला त्याची लाज वाटायची. मी तिला सगळ्यांदेखत 'आळशी' म्हणायचो. एका सकाळी मी हट्टालाच पेटलो आणि मैदानाला एक फेरी मारायला लावली. तिनं अर्धी मारली, मग चालत माझ्याजवळ आली, माझं बोट धरलं आणि म्हणाली, "बाबा, पळते, पण तुम्ही जरा धरा." एवढं म्हणून ती खाली बसली आणि आडवी झाली. त्या दिवसानंतर मी कुणाही पोराला आळशी म्हटलेलं नाही.

भूमच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा पुण्याकडचा एक तरुण डॉक्टर नव्यानं आला होता. त्यानं पोरीचं पोट दाबून पाहिलं आणि डाव्या बाजूला पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय म्हणाला. पाणथरी वाढली म्हणजे हिवताप, असं धरून त्यानं गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पोरगी होती तशीच. डॉक्टर तिचे पिवळट डोळे बघता बघता माझ्याकडं बघायला लागला आणि म्हणाला, "मास्तर, आता तुम्ही झोपा टेबलावर."

माझीही पाणथरी वाढलेली निघाली. पोरांना पोट आत घ्या म्हणून ओरडणारा माणूस मी. डॉक्टर म्हणाला, "कुस्ती बंद, हुतूतू बंद. पोटावर मार बसला तर फुटेल ही." मी विचारलं, ड्रिल? तर म्हणाला, "ड्रिल घ्या, पण अंगानं कमी आणि तोंडानं जास्त." ते तर मी आधीपासनंच करत होतो.

मग मी त्याला शिंतोड्यांची हकिकत सांगितली. तो हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मुलगी जन्मापासून भूमला आहे ना? वीस-पंचवीस मैलांवर शिंतोडे कसे उडतील?" पुढं तो म्हणाला, हा रक्ताचाच दोष असावा, बापाकडून पोराला येणारा. सोलापूरला तपासून घ्या, आणि तसंच निघालं तर पोरीची पाणथरी काढावी लागेल. एखाद्या तापात अंगातलं रक्त एकदम कमी झालं तर इथं मला काही करता येणार नाही.

पोट फाडायचं म्हणजे आबांना विचारणं आलं. आमच्या घरात आबा नको म्हणाले की विषय संपला, आणि ते नको म्हणणार हे मला माहीत होतं. मी शंभर पोरांना एका शिट्टीवर वळवत होतो, पण बापापुढं माझी शिट्टी वाजत नव्हती. डॉक्टर म्हणाला, "मी येतो."

रविवारी पोरीला घेऊन आम्ही एस.टी.नं गेलो, फाट्यापासनं चालत. अंगण भरलेलं होतं. मी ओळख करून द्यायच्या आत आबांनी डॉक्टरला रोगी समजून रांगेत बसवलं. तोही गुमान बसला, पुण्याची पांढरी पँट घेऊन शेणानं सारवलेल्या जमिनीवर. पाळी आल्यावर आबांनी त्याची पापणी ओढली.

"तुमाला कावीळ न्हाय. उठा."

"मला नाही आबा," डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला आहे."

"ती लोकांची हाय."

"नातीची पण लोकांचीच का?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग बाकीच्या रोग्यांना म्हणाले, जरा भाईर बसा. आयुष्यात पहिल्यांदा आमचं अंगण रविवारी रिकामं झालं. डॉक्टरनं आबांना खाटेवर झोपवून पोट दाबलं आणि मान हलवली. मग त्यानं त्यांना समजावून सांगितलं. माणसाच्या रक्तात बारीक बारीक गोळ्या असतात, भाकरीसारख्या चपट्या. तुमच्या घराण्यात त्या लाडवासारख्या गोल होतात. पाणथरी त्यांना पकडून मोडते, त्याचा पिवळा रंग डोळ्यांत येतो आणि अंगातलं रक्त कमी पडतं. पोरीचं फारच कमी पडतंय, तिची पाणथरी काढायला हवी.

आबा उठून बसले. मग म्हणाले, "माझी थोरली पोरगी अशीच गेली. पांढरीफटक हून. ह्यो तवा पाळण्यात हुता." ह्यो म्हणजे मी. मला बहीण होती एवढंच माहीत होतं, तिचा विषय घरात निघत नसे. "म्या लोकांची घेतली, मला पेलली न्हाय, ती तिच्यावर गेली. माझ्या औषधानं गेली, असं धरून बसलोय इतकी वर्सं."

"औषधानं नाही गेली," डॉक्टर म्हणाला. "तुमच्या रक्तातनं आलं होतं तिला."

पहिल्या वाक्यानंतर तो थांबला असता तर त्याचं काय बिघडलं असतं? मला त्याचा अस्सा राग आला की बस्. पण आबा शांत होते.

"मंजी लोकांचं न्हाय. माझंच."

"तुमचंच. पण तुम्ही जाणून थोडंच दिलंत?"

"ह्या पोरीचं काढता येतंय?"

"येतं."

"मग थोरलीचं बी काढता आलं असतं?"

सगळ्याला तयार उत्तर असलेल्या त्या डॉक्टरनं चष्मा काढला आणि सदऱ्यानं पुसत बसला. आबांनी वाट पाहिली. मग धोतर झटकून उठले आणि मला म्हणाले, "बैलं जुप. फाट्यापतूर सोडतो."

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात आबा स्वतः आले. तिथं रक्ताचा थेंब मिठाच्या पाण्यात टाकून पाहतात, दोष असला की त्या गोळ्या इतरांच्या आधी फुटतात. आमच्या तिघांच्याही फुटल्या. आबांनी ते सगळं उभं राहून पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "हे बी पाण्यातच बघत्यात की." त्यांना फार बरं वाटलं.

ऑपरेशनला रक्त लागणार होतं. आबांनी बाही वर केली. नको म्हणाले. मी केली. मलाही नको म्हणाले. आमच्या घराण्यातलं रक्त पोरीला चालत नव्हतं. मला तेव्हा रडू आलं, आणि मी ते दवाखान्याच्या मोरीत जाऊन रडलो. माझ्या तालमीतले दोन पैलवान मोठ्या ऐटीत आले होते. एकाचं जुळलं नाही आणि दुसरा सुई बघूनच आडवा झाला. त्याला उचलायला चार माणसं लागली. शेवटी माझ्या काडीसारख्या बायकोचं जुळलं. रक्त देऊन ती उठली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "आता सांगा, किती बैठका काढू?"

पाणथरी काढली. महिन्याभरात पोरीच्या तोंडावर रंग आला. डोळे तर असे पांढरे झाले की आमच्या घरात कुणी तसे पाहिलेच नव्हते. मी तिला गावी घेऊन गेलो तो रविवार होता. अंगणात रोगी होतेच, पण आबा आता नुसता डोळा बघून त्यांना भूमच्या दवाखान्याची वाट सांगत होते. लोक कुरकुरत होते. पोरगी जाऊन रांगेत बसली.

तिची पाळी आल्यावर आबांनी सवयीनं तिची पापणी ओढली. ओढली ती सोडेचनात. एक डोळा बघितला, दुसरा बघितला, पुन्हा पहिला.

"आबा," ती म्हणाली, "कावीळ कुणीतरी घ्यावी लागते ना? मग माझी कुणी घेतली?"

"म्या घेणार हुतो बाई," आबा म्हणाले, "डाक्तरनं घेऊ दिली न्हाय."