देव्हाऱ्यातला सहावा टाक

शाळेला दहा वर्षं झाली, इतिहास लिहून द्या, असं सिस्टरांचं पत्र आलं आणि मी दोन दिवस कागदाला हात लावला नाही. शाळा महाडची, मिशनच्या सिस्टरांनी काढलेली, मुलींची. मी तिथूनच मॅट्रिक होऊन मास्तरीण झाले होते, म्हणून हा मान माझ्याकडे आला.

सुरुवातीचं मला सगळं पाठ होतं. बाजारामागचं भाताचं गोदाम सारवून तिथे वर्ग भरले, आणि पडवीत आम्हा पोलादपूरकडच्या मुलींचं बोर्डिंग. माझ्या ताईचा वर्ग कायम सगळ्यात वरचा. ती पास झाली की शाळेला पुढची इयत्ता काढावी लागे. तेव्हा इंग्रजी आठवीपासून असे. ते शाळेत आलं तेच तिच्या वर्गासाठी. ख्रिस्ती मुलींना धर्माचा तास असे, त्या वेळी आम्हाला नीतिपाठ. दहावीत विषय वेगळे व्हायचे. मुलींनी गृहशास्त्र घ्यायचं हे जवळजवळ ठरलेलंच, पण ताईनं वरचं गणित मागितलं. तिला गणिताची मास्तरीण व्हायचं होतं. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "तू एकटी असलीस तरी तास होईल." ताई तेव्हा नववीत होती.

त्याआधीच्या परीक्षेत मी नीतिपाठात पहिली आले होते. बक्षीस म्हणून रुपेरी बिल्ला मिळाला, त्यावर मेरीमातेची मूर्ती ठसवलेली. मेच्या सुट्टीत मी तो आईच्या हातात दिला. आईला अक्षर कळत नव्हतं, देव कळत होता. आमच्या देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले कुळाचे टाक होते. हाही तसाच दिसत होता. तिनं हळदकुंकू वाहून तो त्यांच्याच ओळीत ठेवला. मला तर अभिमानच वाटला.

नवरात्रात देव घटी बसण्याआधी टाक उजळायचे, तेही भावकीसमोर आणि मोजून. आम्ही दोघी सुट्टीला घरी आलो होतो. चुलत आजोबा चिंच लावून एकेक टाक घासत होते. पाच असायला हवेत ते सहा निघाले. सहावा त्यांनी उजेडाकडे धरला.

"ह्यो आपला देव नाय. कुनी आनला गो?"

ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माझा हाय," ती म्हणाली. "शाळंत बक्षीस गावला."

तिला वाटलं असणार, चार शब्द बोलतील आणि गप्प बसतील. आजोबा म्हणाले, "पोर बाटली. लग्नाची पोर, उद्या कोन करंल हिला? शाळा बंद. धाकटीचं मागनं बगू."

वडील मुंबईत गिरणीत. त्यांना पत्र पोचेपर्यंत ताईची ट्रंक बोर्डिंगातून घरी आलीसुद्धा. बिल्ला कुणाचा हे आईला ठाऊक होतं; तीही गप्प राहिली. आणि मी, नीतिपाठात पहिली आलेली शहाणी, मी तर मूग गिळून बसले होते. धाकटीचं मागाहून कुणी बघितलंच नाही. मी अकरावीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत, शिकले. ताईचं पुढच्याच वर्षी पाचाडला लग्न झालं.

अखेर शाळेत जाऊन जुनी रजिस्टरं चाळली आणि इतिहास लिहिला. तो घेऊन आधी ताईकडे गेले. ओटीवर बसून ती तांदूळ निवडत होती. मी वाचत होते, ती ऐकत होती.

"माझ्या दहावीच्या साली वरच्या गणिताला किती पोरी व्हत्या गो?" तिनं मधेच विचारलं.

"एकही नाही. तो तास निघालाच नाही."

तिचा हात सुपात थांबला. "सिस्टरांनी मास्तर ठरवला व्हता त्यासाठी," ती म्हणाली. मग मान खाली घालून पुन्हा खडे वेचू लागली. मला ते सोसवेना.

"ताई, बिल्ला माझा होता."

"मला काय ठावं नाय?" ती म्हणाली. मग कागदांकडे बोट करून तिनं विचारलं, "त्ये हितं लिव्हलंस काय?"

लिहिलं नव्हतं.