आप्पांच्या खोलीची लाइन

वायरमनच्या धंद्यात दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र भरपूर साठतात. शिडीवर चढलेल्या माणसाला कान असतात हे लोक विसरूनच जातात! खाली भांडणं चालतात, सुनेच्या कागाळ्या चालतात, आणि आम्ही वर पक्कड हातात धरून सगळं ऐकत असतो. त्यातले निम्मे किस्से चारचौघांत सांगण्यासारखे नसतात. उरलेल्यांतले बरेचसे एकाच कामाचे आहेत, होटगी रोडच्या आप्पांच्या खोलीचे. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हाची गोष्ट.

आम्ही तिघं. रेवणशेठ आमचे कंत्राटदार, अक्कलकोटकडचे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी आणि रागावले की पूर्ण कानडी. यूसुफभाई शहरातले, हात सोन्याचा आणि जीभ तिखट. आणि मी मोहोळचा.

*

एक दिवस होटगी रोडच्या एका बंगल्यातल्या सुमनवहिनी शेठच्या दुकानात आल्या. बंगल्याच्या मागं बाग आहे, बागेच्या टोकाला एक खोली आहे, तिथं लाइट पाहिजे म्हणाल्या.

"कोण राहतं तिथं?" शेठनी विचारलं.

"सासरे."

यूसुफभाई चक्रावले. "भाबी, घर में जगा नै क्या?"

"जागा आहे हो," वहिनी म्हणाल्या, "बोलणं नाही!"

झालं होतं असं की, गावची शेती आटोपून आप्पा मुलाकडं राहायला आले. आल्या आल्या मागं मेथी लावली, कांदा लावला, थोडी ज्वारीसुद्धा पेरली. मुलगा गुरुनाथ बँकेत साहेब. त्यानं एका रविवारी गडी लावून ते सगळं उपटलं आणि तिथं लॉन केलं! आप्पांचं डोकं फिरलं. "मानसाला प्यायला पानी नव्हतं, आन् ह्यो गवताला पाजतोय! बरं, गवत तरी म्हशीच्या कामाचं हाय का?" म्हणाले, आणि खाट उचलून मागच्या खोलीत गेले. तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं बंद.

"त्यांना कमी दिसतं. परवा अंधारात उंबऱ्याला अडखळून पडले," वहिनी म्हणाल्या. "वर म्हणतात, दिवाळी झाली की गावाला जातो. गावाला आता कोण आहे त्यांचं? निदान लाइट तरी येऊ दे तिथं."

शेठनी त्याच दिवशी माप घ्यायला माणसं धाडली. माणसं म्हणजे आम्हीच!

*

माप घेताना आप्पा खाटेवर बसून बघत होते. शेठनी कानडीत विषय काढला. आप्पा एकदम ताठ झाले आणि कानडीतच नको म्हणाले. "बेड, बेड! त्याच्या घरचा करंट मला नको!"

"आप्पा, करंट काय पोराच्या घरात तयार होतोय का? बोर्डाकडनं येतोय की."

"मग बोर्डाकडनं सरळ हितं आना."

"तसं जमत न्हाई. घरातल्या मीटरवरनंच आणावा लागतोय."

आप्पांनी जरा विचार केला. "मीटर कुनाच्या नावावर हाय?"

शेठनी मला बघायला पाठवलं. शेत विकून बांधलेलं घर, मीटर आप्पांच्याच नावावर होता. हे कळल्यावर आप्पांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं असावं.

"ओढा की मग वायर! आन् त्या साहेबाला सांगा, तू माझ्या करंटवर पंखा फिरवतोयस!"

*

घर आणि खोली यांच्यात अंतर बरंच. नुसती केबल ताणली तर मध्ये झोळ पडणार, म्हणून मधोमध एक लोखंडी पाइप उभा करायचा ठरला. आणि मधोमध काय? लॉन!

गुरुनाथसाहेब बँकेतून आले आणि लॉनवर आडवे पडायचेच बाकी राहिले. "इथं खड्डा? अशक्य! कडेनं न्या."

खोलीच्या दारातून आवाज आला, "खना की! चांगला खोल खना! न्हाईतर कलतोय त्यो पाइप!"

साहेबांनी बापाकडं न बघता आम्हाला सांगितलं, "त्यांना सांगा, खड्डा मला विचारून होईल."

आप्पांनी मुलाकडं न बघता आम्हाला सांगितलं, "त्याला सांगा, कुदळ माझ्याकडं हाय."

दोघांच्या मध्ये उभे राहून आम्ही निरोप देत होतो. ऐकू तर दोघांनाही सगळं येत होतं! शेवटी खड्डा कडेलाच घेतला, पण खणला मात्र आप्पांनी. आम्हाला कुदळीला हात लावू दिला नाही.

*

पाइप उभा राहिला, वर तार ताणली, तारेला केबल बांधली. आता अर्थिंग. खोलीमागं खड्डा केला आणि यूसुफभाई त्यात एक थर कोळसा, एक थर मीठ असं घालू लागले. नेमके तेव्हाच आप्पा मागं आले.

खड्डा, कोळसा, मीठ! आमच्या भागात हे बघून माणसाच्या मनात एकच गोष्ट येते. आप्पांनी यूसुफभाईंचा दंड धरला. "कुनाच्या नावानं पुरताय रे ही करनी? साहेबानं सांगितलं का?"

यूसुफभाई तर घामाघूम! "अरे नै आप्पा! आपके वास्तेच है. आपकू शॉक नै लगना बोलके डालते!"

आप्पांनी खड्ड्यात वाकून बघितलं. मग आत गेले आणि हातात एक लिंबू घेऊन आले.

"ह्ये बी टाका की मग. अर्धवट कशाला?"

ते लिंबू अजून त्या अर्थिंगमध्ये आहे. शॉक कुणाला लागलेला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर नव्या केबलवर धोतर वाळत घातलेलं! रेवणशेठ पूर्ण कानडीत गेले. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण शेजारचे लोक बाहेर आले.

आप्पा शांत. "करंट सोडलाय का?"

"न्हाई, दुपारी सोडणार."

"मग दुपारपर्यंत वाळतंय की!"

*

आता दुपारची हकीकत. आमच्या शेठची एक रीत होती. काम पुरं झालं की नारळ फोडायचा, आणि ज्याच्यासाठी लाइट त्याच्याच हातानं पहिलं बटण दाबायचं. नारळ फुटला. वहिनी, शेजारी, सगळे जमले. साहेब तेवढे आत टेबलापाशी पेपर वाचत बसले होते.

"दाबा आप्पा," शेठ म्हणाले.

"कुटं दाबू?"

आम्ही बघतो तर बल्ब आहे, होल्डर आहे, आणि स्वीच कुठंच नाही! घराकडची बाजू यूसुफभाईंची, खोलीकडची माझी, आणि सामानाच्या पेटीत स्वीच एकच. तो यूसुफभाईंनी घराच्या टोकाला बसवून टाकला होता, साहेबांच्या टेबलाशेजारी! चूक कुणाची यावर आमच्यात आजही वाद होतो.

नारळ तर फुटला होता. शेठनी कपाळाला हात लावला. "उद्या येऊन इथं बसवतो," म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी आम्हा तिघांना मोहोळला एका तेलगिरणीच्या कामावर जावं लागलं. तिथं अडकलो ते अडकलोच.

*

परत आलो तेव्हा वहिनी दुकानाच्या दारातच उभ्या. आता बोलणी खावी लागणार, या हिशोबानं आम्ही माना खाली घातल्या.

"रोज मीच लाइट लावत होते, मीच बंद करत होते," त्या सांगू लागल्या. "काल भजनाला गेले. यायला उशीर झाला. अंधारात बसले असतील म्हणून पळत आले, तर खोलीत लाइट! ह्यांना विचारलं, कुणी लावला? हे म्हणाले, मी. आप्पांनी हाक मारली."

"काय म्हणाले आप्पा?" शेठ पुढं सरकले.

"'गुऱ्या, लाइट,' म्हणाले. एवढंच!" वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "आणि झोपायच्या वेळी पुन्हा ओरडले, 'बंद करतोस का येऊ तिकडं, गाढवा?'"

यूसुफभाईंनी टाळी वाजवली. "गाल्यां देरैं? फिर तो हो गया काम!"

*

तरी काम ते काम. अर्धवट काम म्हणजे शेठच्या जिवाला घोर. दिवाळी होऊन गेली होती. आम्ही नवा स्वीच घेऊन गेलो. आप्पा खोलीच्या दारात खाटेवर बसले होते, गावाला जायची काही तयारी दिसत नव्हती.

"काय आनलाव?"

"स्वीच, आप्पा. हिथं उशाशी बसवून देतो. कुणाला हाक मारायला नको."

आप्पांनी स्वीच हातात घेतला, खटखट वर-खाली केला आणि शेठला परत दिला.

"बसायचा न्हाई ह्यो. भिंत कच्ची हाय."

शेठनी हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकून बघितली. हातभर रुंद, काळ्या दगडाची भिंत! मी तोंड उघडणार, तेवढ्यात यूसुफभाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

आमचा आवाज ऐकून गुरुनाथसाहेब लॉनवरून चालत आले. शेठनी त्यांनाच विचारलं, "साहेब, तुम्ही सांगा. बसवू का हिथं स्वीच?"

साहेबांनी भिंतीकडं बघितलं. पुढं होऊन तिच्यावर हात फिरवला.

"आप्पा म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "कच्चीच आहे भिंत."