वांग्याची झडती

चहाचा घोट तोंडात असला तर आधी गिळा. मागच्या बारीला ही गोष्ट सांगताना एकाच्या नाकातनं चहा आला व्हता, आन् सदरा माझा गेला.

तर मी माती खाल्ली. तीबी स्वतःच्या घरात, मेव्हण्यासमोर!

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. मी नुकताच फौजेतनं पेन्शनीवर आष्ट्याला आलेलो. हवालदार व्हतो, पण आपल्याकडं फौजेतनं आलेला समदाच मेजर! सतरा वरसं पहारा दिला, त्यामुळं संशय अंगात मुरलेला. दूधवाला हसला तरी वाटायचं, ह्यो का हसला? पाणी घातलंय व्हय?

आणखी एक गोष्ट अंगात मुरलेली. इसब. डाव्या घोट्याच्या वर, तळहाताएवढं. खाजवलं की लय बरं वाटायचं, मग पाणी सुटायचं, मग नको तो जीव!

जवळच्या साखर कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी मिळत व्हती, पण मेडिकल पास व्हायला पायजे. वाहता पाय बघून कोण पास करतंय? आन् घरी बसायचं म्हणलं की मला धडकी भरायची. फौजी माणूस दुपारचा घरात बसला की बायकोच्या फडताळाचं इन्स्पेक्शन करतोय. मी करतच व्हतो.

सांगलीच्या चामडीच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं पायाला साबण बंद केला. नुसतं कोमट पाणी, वर खोबरेल तेल. नायलॉनचे मोजे बंद, सुती घालायचे. खाण्यातलं काय बाधतंय ते वहीत लिहा म्हणाला. लिहिलं की! गार्डच्या रजिस्टरसारखं. 'रात्री भरली वांगी, चार. पहाटे खाज.' तीनदा तसंच झालं.

डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला वांगं बाधतंय, मेजर. बंद करा."

आता बघा, कृष्णाकाठचा माणूस, त्याला वांगं बंद! पण नोकरीपायी तेबी केलं. सुमननं, म्हंजे आमच्या मंडळींनी, घरात वांगं आणायचंच सोडलं. महिन्याभरात पाय कोरडा ठणठणीत झाला.

मग मेडिकल पंधरा दिवसांवर आली. मी रोज सकाळी जुना युनिफॉर्म, बूट, मोजे चढवून अंगणात सलामीची तालीम सुरू केली. हे आत्ताच सांगून ठेवतो, मागनं म्हणू नका लपवलं.

चार दिवस झाले, आन् पाय परत खाजाय लागला!

रजिस्टर काढलं. वांगं? न्हाई. अंडं? न्हाई. सुकट? न्हाई. मग खाज आली कुठनं? आतलंच कोणीतरी फुटलंय! आन् आतलं म्हंजे घरात दुसरं कोण व्हतं?

सुमनचं वागणंबी बदललेलं. घरात असताना पदर गालावर ओढून घ्यायची. ताट वाढताना तोंड बाजूला. नजरंला नजर न्हाई. गुन्हेगाराचं पहिलं लक्षण!

एकदा दुपारी शेजारची शालन आली. दोघी सैपाकघरात, मी भिंतीच्या अलीकडं. माझा एक कान तोफखान्यात मंद झालाय, म्हणून दुसरा भिंतीला लावला.

शालन म्हणत व्हती, "वैनी, वांगं लय वाढलंय की वं!"

"हळू बोल, बाई! ह्येंच्या कानावर जायला नगं. एवढी मेडिकल होऊ दे."

"मसूर वाटून दुधात कालवा. रोज थोडं थोडं. कुणाला कळतबी न्हाई."

आता सांगा, तुमी काय समजला असता? मसुराच्या आमटीतनं मला वांगं चारत्यात! कुठंतरी लावलंय, ते वाढलंय, आन् नवऱ्याला पत्ता न्हाई!

त्या दिवसापासनं आमटी बंद. परसात गेलो, शेवग्यामागं बघितलं, शालनच्या कुंपणावरनं डोकावलो. एक रोप न्हाई. फडताळ तपासलं. तर लोणच्याच्या बरणीमागं झाकून ठेवलेली वाटी! आत पिवळसर काहीतरी कालवलेलं.

"सुमन, हे काय?"

ती दचकली. "ते... ते चटणीचं हाय."

चटणी? मी बोट बुडवून चाखलं. मसूर, दूध, हळद. छ्या! वांग्याचा वास न्हाई. पण मुरलेला गुन्हेगार वास ठेवतोय व्हय?

रविवारी तिचा भाऊ विट्यासनं आला. म्हणलं, साक्षीदार आयता मिळाला. जेवणं झाली. मी वाटी आणून मधोमध ठिवली.

"सुमन, आता खरं बोल. वांगं कुठं हाय?"

मेव्हण्याचा सुपारीचा हात थांबला. सुमनचा चेहरा उतरला. "शालन बोलली व्हय तुमास्नी?"

"म्हंजे कबूल!"

"कबूल काय करायचं त्यात? सहा महिनं पदराआड झाकून हिंडतीया."

"पदराआड? वांगं? बघू दे. काढ भायेर!"

तिनं गालावरचा पदर बाजूला केला.

दोन्ही गालांवर, कपाळावर काळे डाग. वांग! बायकांच्या तोंडावर येतंय ते वांग! माझ्या कानानं त्यावर एक अनुस्वार जास्तीचा दिला, आन् मी परसात शेवग्यामागं हुडकत बसलो, वर तिचा तोंडाला लावायचा लेप चाखला.

"दाजी," मेव्हणा म्हणला, "अक्काच्या तोंडावरचं तुमास्नी आज दिसलं?"

मला लाज वाटली, खरी लाज. रजिस्टरात माझ्या घोट्याचा रोजचा रिपोर्ट, आन् बायकोच्या तोंडाची एक ओळ न्हाई.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमचा पाय, तुमची मेडिकल. त्यात माझ्या तोंडाचं कुठं काढू?" ती डोळं पुसत म्हणली. मग एकदम तिचा आवाज चढला. "आन् कसली वो खाज? रोज सकाळी ते फौजेचे नायलॉनचे मोजे कोण चढवतंय? वांगं चढवतंय?"

मेव्हणा जो हसाय लागला, सुपारी अडकून ठसका लागला त्याला. पाणी कोणी द्यायचं? मीच दिलं.

त्या मिनटाला मोजे चुलीत घातले. सुती मोज्यांत आठ दिवसांत पाय परत कोरडा पडला.

मेडिकलला सुमनला संगं नेलं. तिथनं तसंच सांगलीला जायचं व्हतं, तिच्या वांगासाठी, त्याच डॉक्टरकडं. पाय पास झाला. छाती पास. मग डोळं. लांबच्या पाटीवरची शेवटची बारीक ओळबी मी घडाघडा वाचली.

कारखान्याचा डॉक्टर खूश. "वा, मेजर! गेटवर असाच माणूस पायजे. ह्यांच्या नजरेतनं काय सुटायचं न्हाई!"

दारात सुमन उभी व्हती. पदर खांद्यावर, तोंड उघडं. म्हणली, "लांबचं लय झ्याक दिसतंय त्यास्नी, डॉक्टरसायेब. तेवढं जवळचं तपासा."