उरली विलायत

अण्णा दिघे समोरच्या माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी हात. कारखान्याच्या दारात कुणी येऊन उभा राहिला की रामराम वगैरे बाजूला. हे पुढं व्हायचे, त्याचे दोन्ही पंजे आपल्या हातात घ्यायचे, उलटेसुलटे करून बोटं न्याहाळायचे आणि मग मोठा सुस्कारा टाकून म्हणायचे, "बसा. चहा सांगतो." नवख्याला वाटायचं, बुवा हात बघून भविष्य सांगतात की काय! शिरवळच्या एका व्यापाऱ्यानं तर हात पुढं करून खरंच विचारलं होतं, "काय हो, परदेशगमन दिसतंय का?" अण्णा म्हणाले, "ते नाही दिसत. बोटं सगळी शाबूत दिसतायत, तेवढं पुरे."

मीही या तपासणीतून गेलो. मी मार्गासनीच्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या, पण पुण्यात कुणी दारात उभं करीना, म्हणून भोरला आलेलो. अण्णांनी माझे हात बघितले, बोटांवरचे शाईचे डाग बघितले आणि हसले. "नखं कुरतडता वाटतं, पेन्सिलराव? नका कुरतडू. या हातांशी मला काम आहे." तेव्हापासून मी पेन्सिलराव झालो. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवत होतं की नाही, देव जाणे.

कारखाना कसला, नीरेच्या काठी एक पत्र्याची शेड, एक भाता, एक लोहार आणि भांडकुदळ असे दोन सुतार. माल एकच, कडबाकुट्टी. चार उंच लाकडी पायांवर एक लांबट पन्हळ, तिच्या कडेला उंच उभी फळी, पन्हळीच्या तोंडाशी अडकित्त्यासारखं वरखाली होणारं भलंथोरलं पातं. एका हातानं कडबा पुढं सारायचा, दुसऱ्या हातानं दांडा खाली ओढायचा, की कचकन तुकडे. अण्णांनी पुण्याच्या एका लिलावात विलायती यंत्र घेतलं होतं आणि त्याची हुबेहूब नक्कल केली होती. विलायती वस्तूवर त्यांची श्रद्धाच तशी होती. पायांची उंचीसुद्धा त्यांनी दोऱ्यानं मोजून घेतली होती.

कुट्टी खपत होती. भोरपासून वेल्ह्यापर्यंत गोठ्यागोठ्यांत गेली होती. पण अधूनमधून कानावर यायचं, अमक्याच्या बायकोचं बोट गेलं, तमक्याच्या सुनेचा पंजा फाटला. सांगणारा लगेच पुढं जोडायचा, "यंत्राला काय बोल लावायचा अण्णा, बाईमाणसाचं ध्यान कुठं असतंय?" दुसरा कुणी असता तर ऐकून सुटला असता. अण्णांना मात्र त्या दिवशी जेवण जायचं नाही. मला बोलावून म्हणायचे, "पेन्सिलराव, नकाशा काढा. पुन्हा मोजा. तिकडं चालतंय ते इकडंच का चावतंय?" मी मोजायचो. सुताएवढाही फरक सापडायचा नाही, आणि तो सापडला नाही की अण्णा अधिकच कासावीस व्हायचे.

यातूनच माझ्या शिक्षणाचा विषय निघाला. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. अण्णांच्या कानावर आलं होतं की विलायतेत एक नवीनच विद्या शिकवतात. कारखान्यात वस्तू घडवायच्या आधी ती कुणी, कशी वापरायची याचा विचार करून तिचा आकार ठरवायची विद्या. "अहो, तिकडं म्हणे खुर्ची करायची तर आधी बूड मोजतात! आमच्याकडं खुर्ची तयार झाली की मग बसणारा शोधायचा!" असं म्हणून स्वतःच खदखदून हसायचे. त्यांनी खटपट करून मला तिकडच्या शाळेत जागा मिळवली. मुंबईच्या एका कलाशाळेतही माझा नंबर लागला होता. खर्च अण्णा सोसणार होते. आता मुंबई की विलायत एवढंच ठरायचं होतं.

एवढंच म्हणतोय खरा, पण त्या एवढ्याशा गोष्टीनं आमच्या घराची झोप उडवली. माझे वडील, आबा, मार्गासनीहून चालत भोरला आले आणि अण्णांच्या पुढ्यात बसून राहिले. "मुंबईला काय कमी हाय वो? रडलं तर ऐकू तरी यील. तिकडं इलायतेला गेल्यालं पोर माघारी यील ह्येचा जामीन कोन? तुमी?" अण्णा म्हणाले, "मी." आबा उसळले, "तुमाला लेकरू न्हाई, तुमी कशाचा जामीन ऱ्हाताय!" शेडमधला भाता थांबला. अण्णांचा चेहरा पडला. मला आबांचा असा राग आला, की मी तिथून उठून नदीवर जाऊन बसलो. बोटीवरची जागा पक्की करायला त्या आठवड्याचा शुक्रवार ही शेवटची मुदत होती, आणि मला स्वतःला काय पाहिजे होतं हे कुणी विचारतच नव्हतं.

बुधवारी सकाळी गावचा माणूस धावत आला. सरूवहिनीची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोची, दोन बोटं आदल्या संध्याकाळी कुट्टीत गेली होती. ती कुट्टी गेल्या दिवाळीत मीच हौसेनं घरी धाडली होती.

अण्णांनी डोक्यावर टोपीही घातली नाही. नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटार मिळाली, पुढं आम्ही चालत सुटलो. वाटेत अण्णा एकच वाक्य बोलले, "आज मोजमाप नको काढू." आणि पहिल्यांदाच त्यांनी मला अरेतुरे केलं.

घरात वहिनी भिंतीला टेकून बसली होती. हाताला फडकं, फडक्यावर हळद नि रक्त. आई तिच्या शेजारी बसून तिलाच बोलत होती, "किती येळा सांगितलं, काम करताना ध्यान ठिव." दादा म्हणाला, "लई घाई असती तिला." आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "बग तुझं यंत्र." वहिनीनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं, नुसती लाज होती. हात तिचा गेला आणि लाजही तिनंच बाळगायची, हा कुठला न्याय?

अण्णा सरळ गोठ्यात गेले आणि जागीच थबकले. कुट्टीचे पाय कापलेले होते! पन्हळ जमिनीला जवळजवळ टेकली होती.

"पाय कुणी कापले?" अण्णा इतक्या जोरानं ओरडले, की दावणीची गाय बुजली.

"म्या कापलं," दादा म्हणाला. "हुबं ऱ्हाऊन कवा काम करत्यात का बायका? चूल बसून, दळान बसून, इळी बसून. ही म्हनली, पाय दुखत्यात, खाली घ्या. समद्या गावानं कापल्यात, अण्णा. आमी येकट्यानंच न्हाई."

अण्णा शेजारच्या गोठ्यात गेले, त्याच्या पुढच्या गोठ्यात गेले. जिथं जिथं कुट्टी होती तिथं तिथं ती बुटकी झाली होती. परत आले ते स्वच्छ धोतरानिशी शेणातच मांडी घालून कुट्टीपुढं बसले. "दांडा धर," दादाला म्हणाले. "मी सांगेन तेव्हा खाली घे. हळू. पण थांबू नकोस." त्यांनी वहिनीला हाक मारली. "बाई, इकडं ये. तू कशी बसत होतीस, सांग मला. अशी? डावा हात असा?" वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि पदर सावरत म्हणाली, "आनखी येक रेटा द्यायची म्या. शेवटचं धाट आत ऱ्हातंय."

अण्णांनी कडबा रेटला. मान वाकवून आत बघितलं नाही. ती जशी बसायची तसे ताठ बसले, नजर समोर. "घे खाली." पातं सरकायला लागलं. पन्हळीची उभी फळी त्यांच्या डोळ्यांच्या आड येत होती आणि फळीपलीकडं त्यांची बोटं पुढं, अजून पुढं चालली होती. मला उभ्यानं सगळं दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं. आई "अगं बाई गं" म्हणून किंचाळली. मी झेप घेऊन दांडा धरला. पात्याची धार अण्णांच्या मधल्या बोटाच्या नखावर टेकून थांबली होती.

त्यांनी हात बाहेर काढला आणि वहिनीकडं वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "मला दिसलं नाही, बाई. मी हे यंत्र केलं आणि माझं बोट कुठं आहे ते मला दिसलं नाही. तुझं काही चुकलं नाही. चूक यंत्राची आहे. म्हणजे माझी आहे."

मग आबाच घसा खाकरून म्हणाले, "झालं ते झालं. पर आता तरी ह्याला लांब धाडू नगा. मुंबईच बरी." अण्णांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. आणि तेव्हा वहिनी बोलली. सासऱ्यांपुढं ती कधी तोंड उघडायची नाही, पण त्या दिवशी उघडलं.

"मामंजी, म्या बोलते, राग मानू नगा. कालधरनं समदी मलाच बोलत्यात. चूक यंत्राची, असं अण्णा येकलेच म्हनले. असं म्हनायला जिथं शिकवत्यात ना, तिथं धाडा भावजींस्नी. मुंबई आसू दे न्हाईतर इलायत."

आबांनी तिच्याकडं बघितलं, तिच्या हाताकडं बघितलं आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यानंतर मुंबईचं नाव त्यांनी काढलं नाही.

परतताना मी अण्णांना विचारलं, "मग कुठं शिकवतात असं?" ते मग म्हणाले, "मुंबईला तरुणपणी मी वर्षभर शिकलोय, पेन्सिलराव. चांगली माणसं होती. रेघ मारायला शिकवली, सावली भरायला शिकवली. हे काही कुणी शिकवलं नाही. उरली विलायत." त्यांच्या आवाजात पूर्वीचा उत्साह नव्हता. एकच रस्ता शिल्लक राहिलेल्या माणसासारखे ते बोलत होते. शुक्रवारी माझी बोट पक्की झाली.

मी निघेपर्यंत अण्णांनी कारखान्यात नवीन माल काढला नाही. विकलेली एकेक कुट्टी शोधत ते गावोगाव हिंडले. फळी उतरती करायची, पात्याच्या अलीकडं लोखंडी कडं बसवायचं, आणि घरच्या बाईसमोर उभं राहून सांगायचं की चूक माझी होती. लोहार वैतागला, "अण्णा, गपचूप दुरुस्त करा की! धंदा बसंल!" धंदा बसलाच. व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली. हिर्डोशीकडं एका घरात तर कुणाच्या तरी नवऱ्यानं त्यांच्या अंगावर काठी उगारली. अण्णा तिथंही काम पुरं करूनच उठले. मी त्यांना म्हणालो, "कशाला एवढा जीव टाकता? तब्येत बघा जरा." तर म्हणाले, "चहा सांगा, पेन्सिलराव. उगीच आईसारखं बोलू नका."

धक्क्यावर ते मला पोचवायला आले होते. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "नीट बघून ये," एवढंच म्हणाले. मला मिठी मारता आली असती. मी वाकून नमस्कार केला आणि वर चढलो.

तिथल्या शाळेत सुरुवातीच्या एका तासाला शिक्षकांनी प्रत्येकाला विचारलं, इथं कशाला आलास? माझी पाळी आली. मोडक्या इंग्रजीत मी कुट्टी सांगितली, कापलेले पाय सांगितले, वहिनीची बोटं सांगितली. शिक्षक भला माणूस होता. लक्ष देऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "पण त्या बाईनं हात इतका आत घातलाच कशाला?"

मी मग म्हणालो, "तिचं काही चुकलं नाही, सर. चूक यंत्राची होती." वर्गात कुणीतरी हसलं. मी खाली बसलो. हे वाक्य ज्या एकाच शाळेत शिकवत होते ती भोरला नीरेच्या काठी पत्र्याच्या शेडमध्ये होती, आणि तिथले शिक्षक वारल्याची तार आदल्याच आठवड्यात माझ्या हातात पडली होती.