वाळूतले मोगल

कुवेतमध्ये सतरा वर्षं काढली. परत येताना सामान फारसं आणलं नाही, पण किस्से मात्र इतके साठले की आता नाशिकला कोणी चहाला आलं की बायको आधीच बजावते, "वाळूतलं काढू नका हं, लोक चहा टाकून उठतात!" पण एक सांगितला की मागोमाग दुसरा येतोच. त्याला मी काय करू?

सुरुवात जॉर्जपासून झाली. आमच्या प्लांटमधले सेफ्टी ऑफिसर, लेबनॉनच्या डोंगरातले. पन्नाशी उलटलेली, पण बालपण बर्फावर गेलेलं. "ईदच्या सुट्टीत माझ्या गावी चला, स्कीइंग शिकवतो," म्हणाले. पण आधी सराव हवा. बर्फ कुठला? मग वाळूवर! शहराबाहेर एका लांबलचक कड्याला वाळूचे उतार होते. त्या कड्याचं नाव मुतला! मी घरी फोनवर आईला कधीही सांगितलं नाही.

आम्ही तिघं शिष्य. मी, पुण्याचे केळकर आणि खैतानला राहणारा सावंत. केळकर प्रोसेस इंजिनिअर, सगळं पुस्तकातून शिकणारे. सावंत फिटर, मूळचा देवगडचा. स्की त्यानेच बनवल्या. फळ्यांना खालून सनमायका चिकटवला आणि वर सेफ्टी शूज ठोकले!

जॉर्जना आम्हाला साधं घसरायला शिकवायचं नव्हतं. उतारावर ओळीने उंचवटे असतात, त्यांवरून वळत जायचं. त्यांना म्हणतात मोगल.

सावंत दचकला. "मोगल? म्हंजे दिल्लीवाले?"

"तेच," केळकर म्हणाले. "फक्त इथे आपण त्यांच्यावरून जायचं!"

*

तंत्र सांगायला सोपं. गुडघे मऊ ठेवायचे, उंचवटा आला की ते पोटाशी घ्यायचे, खांदे हलू द्यायचे नाहीत आणि नजर दोन उंचवटे पुढे. आम्ही तिघंही स्कीच्या टोकाकडे बघायचो आणि तोंडावर पडायचो.

एका शुक्रवारी सकाळी तिघं एकदम खाली आलो, तर वाळू गुणगुणायला लागली. विमान लांबून यावं तसा घुमणारा आवाज. माझ्या अंगावर काटा आला. केळकर खूश! "घर्षण! कण कणावर घसरतात, त्याचा हा नाद."

खाली येऊन थांबलो. धापा टाकत उभे राहिलो. मागे उतार रिकामा. आवाज चालूच.

सावंतने टोपी काढली आणि हळूच विचारलं, "केळकरसाहेब, मगे आता कोण घसरता हा?"

*

केळकरांचा एक लाडका उंचवटा होता. उताराच्या पायथ्याशी, गोल, घट्ट. इतर उंचवटे वाऱ्याने सरकायचे, हा जागचा हलायचा नाही. दोन महिने ते त्याच्यावरच गुडघे घटवत होते. आम्ही त्याला 'केळकर बंप' म्हणायचो.

मग चार दिवस जोराचा वारा सुटला. शुक्रवारी गेलो, तर केळकर बंपच्या जागी पांढरा पत्रा चमकत होता. गाडीचा टप!

आखाती युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. त्या वेळी किती गाड्या इथून पळत सुटल्या, त्यातलीच एक असावी. जॉर्जनी आम्हाला लांब उभं केलं, चारी बाजूंनी बघितलं आणि मगच जवळ जाऊ दिलं. आत सीटपर्यंत वाळू. माणूस दिसत नव्हता. त्या वाळूत काय होतं ते आम्ही पाहिलं नाही. पोलिसांना कळवून निघालो.

निघण्याआधी सावंत मात्र काचेला डोळा लावून उभा होता. गाड्या खोलून दुरुस्त करण्यात त्याचा हात बसलेला.

"काय रे?" मी विचारलं.

"इंडिकेटर दिल्लो हा साहेब," तो म्हणाला. "मागे कोणतरी होता."

*

त्यानंतर केळकर महिनाभर वाळूवर आले नाहीत. फिंतासला स्वतःच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये गाद्या-उश्या मांडून त्यांवर उड्या मारायचे. वसुधावहिनी वैतागल्या. "खालचे लोक काय म्हणतील?"

खालच्यांनी म्हटलंच! तिसऱ्या उडीला खालून छताला ठोका. केळकर ओशाळले आणि माफी मागायला गेले. खालच्या दाराला कुलूप. हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, मान हलवत म्हणाला, "तहत माफी नफर." खाली माणूसच नाही. ते कुटुंब नव्वद साली गेलं, ते आलंच नाही.

"पाइपचा आवाज असेल," केळकर म्हणाले आणि सराव चालू ठेवला. उडी, ठोका. उडी, ठोका. तेही म्हणे ताल सुधारायला बरं!

एका शनिवारी सकाळीच त्यांचा घरून ऑफिसात मला फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला.

"मी आता गाद्या उचलून ठेवतोय."

"का हो?"

"आज मी अजून उडी मारलीच नव्हती. ठोका आधी आला!"

*

शेवटचा किस्सा माझा. मार्च महिना, सकाळचे अकरा. उताराचा एक पट्टा सुरुंग काढून साफ केलेला होता. त्याच्या कडेला पांढरे दगड. त्यापलीकडे लाल दगड. लाल दगडांत सुरुंग अजून तसेच. तिकडे कोणी पाऊल टाकत नसे.

जॉर्ज, केळकर आणि सावंत खाली गाडीपाशी गेले. "एकदा शेवटचं," म्हणून मी पुन्हा वर चढलो. वर पोचतो न पोचतो तोच धुळीची भिंत आली. एक जोराचा झोत, मग वारा पडला आणि धूळ नुसती हवेत लटकून राहिली. मला माझे हात दिसेनात. दगड कुठले दिसणार? खाली बसणार होतो, तेवढ्यात जवळूनच हाक आली.

"शमाल!"

म्हणजे अरबीत डावीकडे. जॉर्ज मला घ्यायला वर आले, असं वाटून इतकं बरं वाटलं! मी सुटलो. डावीकडे वळलो. "यमीन!" उजवीकडे वळलो. आवाज कायम चार हात पुढे. बघायला काही नव्हतंच, त्यामुळे स्कीच्या टोकाकडे बघणंही सुटलं. गुडघे मऊ, खांदे स्थिर. इतक्या महिन्यांत प्रथमच मला ते जमत होतं! शमाल, यमीन, शमाल, शमाल. मग अगदी कानाशी, "खलास."

थांबलो. पायाखाली डांबरी रस्ता लागला. जॉर्जना हाक मारून तिथेच बसलो.

अर्ध्या तासाने धूळ बसली. गाडी बरीच लांब उभी होती. तिघांनी मला पाहिलं आणि वळसा घालून रस्त्याने आले. केळकरांच्या ओठांना रंग नव्हता. सावंत उतरला आणि मला घट्ट धरून उभा राहिला.

"जागेवर थांबायचं सोडून खाली का आलास?" जॉर्ज ओरडले.

"तुम्हीच तर सांगत होता. शमाल, यमीन..."

"मी गाडीत होतो. काचा बंद करून. आम्ही तिघंही."

मी मागे वळून पाहिलं. माझ्या स्कीच्या खुणा लाल दगडांच्या बरोबर मधून उतरल्या होत्या. नागमोडी, एकसारख्या, एकही अडखळ नाही.

जॉर्जनी त्या खुणांवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"वळणं सुंदर घेतलीस," ते म्हणाले. "पण का घेतलीस? इथे तर एकही उंचवटा नाही."